मागोमे ते त्सुमागो: चढ सगळे सांगतात, उतार कुणी सांगत नाही

जपानमधल्या नागोयाहून गाइडसोबत एका दिवसात होणारी मागोमे ते त्सुमागो या दोन डोंगरी गावांमधली ही चाल 'सोपी, निसर्गरम्य, सर्व वयोगटांसाठी' म्हणून विकली जाते. आमच्या गटाला मिळालेल्या माहितीपत्रकात चढाचा आकडा ठळक होता, उताराचा नव्हताच. म्हणून तो आधी घ्या. मागोमे साधारण 600 मीटर उंचीवर आहे, वाटेतली खिंड 790 वर आणि त्सुमागो 420 च्या आसपास. पहिल्या सव्वादोन किलोमीटरांत 190 मीटर चढायचं आणि उरलेल्या साडेपाच किलोमीटरांत 370 मीटर उतरायचं. म्हणजे उतार चढाच्या जवळजवळ दुप्पट, त्यातला बराचसा दाट झाडीतला, आणि मधले काही तुकडे जुन्या दगडी फरसबंदीचे. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर सगळी चाल त्या तुकड्यांवर ठरते.

एदो म्हणजे आजचं तोक्यो. तिथून क्योतोला जाणारे दोन मोठे राजमार्ग होते. एक किनाऱ्याने जाणारा तोकाइदो, दुसरा डोंगरातून जाणारा नाकासेन्दो. नाकासेन्दोची लांबी सुमारे 530 किलोमीटर आणि त्यावर 69 मुक्कामाची गावं. एदोकडून मोजलं तर त्सुमागो 42 वं आणि मागोमे 43 वं. किसो नदीच्या खोऱ्यातल्या अकरा मुक्कामांचा पट्टा तो किसोजी. या दोन गावांमधला जुना रस्ता अजून पायी चालता येतो, म्हणून सगळे इथे येतात.

दिशा कोणती, हे बहुतेक टूरवाले विचारतच नाहीत. मागोमेकडून सुरुवात केली की चढ कमी, दम कमी लागतो, म्हणून तीच दिशा घेतात. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी तसंच करावं. पण उतरताना ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी सरळ उलटं जावं, त्सुमागोहून मागोमेकडे. तेव्हा 370 मीटर चढावे लागतात, घाम निघतो, पण फरसबंदी चढताना घसरत नाही. गाइड ठरवताना हे आधीच बोलून घ्या. ऐनवेळी दिशा बदलत नाहीत, कारण परतीची बस आणि गाडी त्या हिशेबाने बांधलेली असते.

वेळेचं गणित असं. नागोयाहून शिनानो एक्स्प्रेसने नाकात्सुगावा सुमारे 50 मिनिटं, साध्या जलद लोकलने सव्वा तासाच्या थोडं वर. जेआर पास, म्हणजे परदेशी पर्यटकांसाठीचा जपान रेल्वेचा पास, असेल तर शिनानोच घ्या. नसेल तर लोकल पुरे, भाडं 1,340 येन. एक्स्प्रेसचा अधिभार वाचलेल्या पंचवीस-तीस मिनिटांच्या मानाने जास्त आहे. नाकात्सुगावा स्टेशनसमोरून मागोमेची बस मिळते, साधारण अर्धा तास. सकाळी आठच्या सुमारास नागोया सोडलं तर पावणेदहापर्यंत चालायला लागता येतं. चाल अडीच ते तीन तासांची, थांबे धरून साडेतीन. नऊची किंवा दहाची गाडी पकडणारे टूर टाळा. मग सगळा दिवस घड्याळाकडे बघत जातो आणि नेमक्या उतारावर घाई होते.

मागोमे हे गाव म्हणजे एक दगडी चढाचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना लाकडी घरं. सुंदर आहे, पण 1895 आणि 1915 च्या आगींत जुनं गाव जळलं, त्यामुळे दिसतं ते बहुतेक नंतरचं. इथे पाऊण तासाहून जास्त थांबू नका. गटातले लोक दुकानांत रेंगाळतात आणि पुढे त्सुमागोत वेळ कमी पडतो, हे जवळपास ठरलेलं. रस्त्याच्या वरच्या टोकाला जुन्या हुकूमनाम्यांचा फलक आहे आणि त्याच्यावर टेहळणीची मोकळी जागा. आभाळ स्वच्छ असेल तर समोर 2,191 मीटरचा एना डोंगर दिसतो. फोटो तिथेच काढून घ्या, पुढे इतकं मोकळं काही नाही.

मोठं सामान पाठीवर घेऊन येऊ नका. मागोमे आणि त्सुमागो दोन्हीकडच्या पर्यटन माहिती केंद्रांत एका गावातून दुसऱ्या गावात बॅग पोचवण्याची सोय आहे. नगाला 1,000 येन, सकाळी साडेअकराच्या आत द्यायची, दुपारी एकनंतर घ्यायची. हिवाळ्यात ही सेवा बंद असते. टूरवाला याच कामाचे वेगळे आणि जास्त पैसे लावत असेल तर स्पष्ट नाही म्हणा.

खिंडीपर्यंतचा चढ सांगण्यासारखा नाही. थोडा डांबरी रस्ता ओलांडायचा, थोडी पायवाट, तोगे नावाची वस्ती, की खिंड आलीच. मात्र काही टूर बसने थेट खिंडीपर्यंत नेतात आणि 'ऐतिहासिक मार्गावरची पदयात्रा' म्हणून तिथून चालवतात. म्हणून पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: पायी चाल नेमकी कुठून सुरू होते आणि कुठे संपते? उत्तरात 'मागोमे' आणि 'त्सुमागो' ही दोन्ही नावं नसतील तर पुढे बोलूच नका.

वाटेवर जागोजाग पितळी घंटा टांगलेल्या आहेत. त्या अस्वलांसाठी आहेत. प्रत्येक घंटा जोरात, दोन-तीनदा वाजवायची. या डोंगरांत काळी अस्वलं खरंच आहेत आणि ती अचानक समोर आलेल्या माणसालाच घाबरून अंगावर येतात. आवाज ऐकू आला तर आधीच बाजूला होतात. पहाटे किंवा तिन्हीसांजेला एकट्याने चालू नका, आणि खाऊच्या पिशव्या उघड्या ठेवू नका.

खिंडीच्या खाली वीसेक मिनिटांवर इचिकोकुतोची नावाच्या जागी एक जुनं चहाघर आहे. पूर्वी इथे लाकडाची तपासणी चौकी होती, ती 1869 पर्यंत चालली. किसोचं जंगल ओवारी संस्थानाचं राखीव होतं. हिनोकी, सावारा, असुनारो, नेझुको आणि कोयामाकी या पाच झाडांना हात लावायला बंदी होती. चोरून एक झाड तोडलं तर एक डोकं, अशी शिक्षेची म्हण तिथे अजून सांगतात. आता त्याच जागी स्वयंसेवक वाटसरूंना फुकट चहा देतात. आत मातीची जमीन, मधोमध जमिनीतली चूल, वर साखळीला काळी लोखंडी किटली. धुराने छताच्या तुळया डांबरासारख्या काळ्या झाल्या आहेत आणि ओल्या कपड्यांना तो लाकडी वास चिकटून बसतो. हिरवा चहा, सोबत कधी गोळी, कधी लोणचं. पेटीत नाणी टाका, शंभर-दोनशे येन तरी. या संपूर्ण दिवसात पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त देणारी जागा हीच. इथे दहा मिनिटं नव्हे, चांगली पंचवीस मिनिटं बसा. स्वच्छतागृहही इथेच आहे, वापरून घ्या.

आणि मग ती उतरण.

चहाघरापासून मोठ्या सावारा वृक्षापर्यंत, पुढे ओदाकी-मेदाकी या जोडधबधब्यांपर्यंत वाट ठीक आहे. खरी कसोटी धबधब्यांनंतर, ओत्सुमागो वस्ती येईपर्यंतच्या फरसबंदीची. हे दगड आपल्या किल्ल्यांच्या पायऱ्यांसारखे घडवलेले नाहीत. हाताच्या पंजापासून ताटापर्यंतच्या आकाराचे गोलसर दगड मातीत बसवले आहेत, वरून शेकडो वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेले. सह्याद्रीतला काळा खडक ओला झाला तरी त्याला खरखर असते, बूट पकडतो. इथे ती खरखर नाही. वर सुरूसारख्या उंच झाडांची गच्च सावली, त्यामुळे ऊन पोचत नाही, दगडांवर हिरव्या शेवाळाचा पातळ थर कायम. शरद ऋतूत त्यावर ओली पानं. पान दगडावर बसलं की खालचा उतार दिसतही नाही, आणि पाय पानासकट सरकतो.

घसरतात ते तीन कारणांनी. पहिलं, कडक तळव्याचे बूट. जाड प्लास्टिकसारखा तळवा डोंगरातल्या मुरमावर चांगला, इथे बर्फावर चालल्यासारखा वाटतो. मऊ रबराचा, खोल खाचांचा तळवा हवा. रोज पळायला वापरलेले झिजलेले बूट तर आणूच नका. दुसरं, टाच आधी टेकवणं. उतारावर सवयीने टाच पुढे जाते आणि गोल दगडावर टाचेला जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी जागा मिळते. पूर्ण पाऊल सपाट ठेवा, पावलं निम्मी करा, गुडघा किंचित वाकलेला असू द्या. तीव्र जागी शरीर तिरकं वळवून बाजूने उतरा. तिसरं, काठीचं उघडं पोलादी टोक. ते ओल्या दगडावरून सटकन निसटतं आणि ज्या क्षणी आधार हवा त्याच क्षणी हातातून जातं. काठीला रबरी टोपी लावा, नसेल तर फरसबंदीवर काठी वापरूच नका. बऱ्याच ठिकाणी फरसबंदीच्या कडेला हातभर रुंद मातीची पट्टी राहिलेली आहे. चालायला तीच चांगली, मात्र उघड्या मुळांवर पाय देऊ नका, मुळं दगडाहून घसरडी.

चांगला गाइड इथे ओळखू येतो. जो सगळ्यात पुढे चालतो आणि वळणावर थांबून मागच्यांची वाट बघतो, तो निरुपयोगी. गटातल्या सगळ्यात हळू माणसाच्या एक पाऊल खाली जो राहतो, तोच खरा. 2018 पासून जपानमध्ये पैसे घेऊन गाइडगिरी करायला परवाना लागत नाही. त्यामुळे गाइडने ही वाट पावसात किती वेळा केली आहे आणि गटात किती जण आहेत हे विचारा. आठांच्या वर असतील तर घेऊ नका. पाऊस जोराचा असेल तर काय करणार, हेही विचारा. योग्य उत्तर असं: चहाघरानंतर जिथे पायवाट डांबरी रस्ता ओलांडते, तिथून रस्त्याने उतरायचं. गाड्यांची वर्दळ असते, कडेकडेने चालावं लागतं, पण पाय मोडत नाही.

पैशांबद्दल माझं मत साफ आहे. स्वतःहून केलं तर नागोयाहून लोकलने जाणं-येणं आणि दोन्ही बस मिळून पाच हजार येनांच्या आत होतं. वाट चुकण्यासारखी नाही, इंग्रजी पाट्या भरपूर आहेत. म्हणजे त्यावरचा प्रत्येक येन हा गाइडच्या बोलण्याचा आहे, आणि ते बोलणं त्सुमागोतल्या ओकुया या वाकीहोन्जिनमध्येच वसूल होतं. वाकीहोन्जिन म्हणजे सरदारांच्या लवाजम्यासाठीचं दुसऱ्या क्रमांकाचं उतारघर. आताची इमारत 1877 ची, लाकडावरची बंदी उठल्यावर हिनोकीने बांधलेली. चुलीभोवती घरातल्या कुणी कुठल्या बाजूला बसायचं हे ठरलेलं असे, आणि हे समजावणारं कुणी नसेल तर ती नुसती काळी रिकामी खोली वाटते. टूरमध्ये इथलं तिकीट धरलेलं नसेल तर तो टूर महागच, भाव काहीही असो.

त्सुमागोला दीड तास तरी हवा. 1971 साली गावकऱ्यांनीच घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही असं ठरवलं. 1976 मध्ये सरकारने संरक्षित केलेल्या पहिल्या काही वस्त्यांत हे गाव आलं. विजेच्या तारा रस्त्यावरून दिसत नाहीत, दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्या नाहीत. लोक तिथे राहतात, तेव्हा उघड्या दारातून आत डोकावून फोटो काढू नका.

जेवणाचं मात्र आधी ठरवा. शाकाहारी लोकांची इथे फसगत होते. सोबा निव्वळ बकव्हीटच्या शेवया वाटतात, पण बुडवायच्या रसात कात्सुओचा, म्हणजे सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. गरम सोबाचं पाणीही तेच. 'मांस नाही' असं सांगून उपयोग नाही, मासे त्यात धरत नाहीत. झारू सोबा घेऊन रसाऐवजी मीठ किंवा साधा सोया सॉस मागा. गोहेइ मोची, म्हणजे भात कुटून काडीवर लावून भाजलेला, अक्रोड-तीळ-सोयाचा लेप दिलेला, बहुधा चालतो. पण या भागात काही ठिकाणी लेपात गांधीलमाशीच्या अळ्या वाटून घालतात, तेव्हा विचारून घ्या. सगळ्यात निर्धास्त म्हणजे दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी सोबत ठेवणं. कचरापेट्या वाटेवर नाहीत, रिकामी पिशवी परत न्यायची. रोख रक्कम, त्यात शंभराची नाणी, हवीच. बऱ्याच दुकानांत कार्ड चालत नाही.

दुकानं चारनंतर भराभर बंद होतात. त्सुमागोहून परतीच्या नागिसो स्टेशनची बस दहा मिनिटांची, पण दिवसात मोजक्याच फेऱ्या. गावात पोचल्याबरोबर थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा, ओकुया त्यानंतर. बस चुकली तर जुन्या रस्त्याने नागिसो साडेतीन किलोमीटर, तासभराची सोपी वाट आहे. नागिसोला शिनानो एक्स्प्रेस मोजक्याच थांबतात, लोकलच्या वेळाही विरळ. गाडीला वेळ असेल तर स्टेशनापासून जवळच किसो नदीवरचा 1922 चा मोमोसुके लाकडी झुलता पूल बघून या. 247 मीटर लांब आहे, पूर्ण सपाट, आणि एवढ्या उतरणीनंतर गुडघ्यांना तेच हवं असतं.