रिकाम्या रस्त्याला हिरवा दिवा

गळीत हंगामातली, जानेवारीतली गोष्ट. सिग्नलच्या देखभालीचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मी इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ म्हणून काम करतो. शिरोलीकडून कोल्हापूर शहरात येणाऱ्या वाटेवरच्या एका चौकाबद्दल तक्रार आली होती. रात्री अकरानंतर बाजूच्या गल्लीत चिटपाखरू नसतानाही तिला दर फेरीत हिरवा दिवा मिळत होता आणि मुख्य रस्त्यावरची वाहने उगाच खोळंबत होती. वास्तविक त्या चौकात गल्लीत वाहन उभे असेल तरच तिची पाळी येते, नाहीतर सिग्नल तिला वगळून पुढे जातो. म्हणजे कोणते तरी उपकरण कंट्रोलरला, म्हणजे दिव्यांची पाळी ठरवणाऱ्या यंत्राला, खोटी वर्दी देत होते, आणि ते कोणते हे शोधणे हे माझे काम होते.

कार्यालयातल्या फाइलमधला नकाशा पाहिला तर त्यात गल्लीच्या तोंडाशी लूप दाखवला होता. लूप म्हणजे डांबरात करवतीने चौकोनी खाच पाडून तीत बसवलेले तारेचे तीन-चार वेढे. वाहन वर आले की त्याच्या पत्र्यात प्रवाह निर्माण होतो, वेटोळ्याचे इंडक्टन्स किंचित घटते आणि कंट्रोलरच्या पेटीतले डिटेक्टर कार्ड तेवढ्यावरून वाहन ओळखते. मी सकाळी जाऊन पाहिले तर रस्त्यावर खाचेची रेघच नव्हती, कारण मधल्या काळात नवे डांबर पडले होते. पेटीत लूपची दोन टोके सापडली. त्यांना मीटर लावला, तार तुटलेली निघाली. कार्ड तर केव्हाच काढून नेलेले होते. अर्थात नकाशावरचा हा आरोपी कधीच मेलेला होता.

मग खांबांवर जे जे दिसत होते त्याची नोंद करायला घेतली. तेवढ्यात कोपऱ्यावरचे पानटपरीवाले काका शेजारी येऊन उभे राहिले. ‘‘साहेब, दंडाची पावती त्यो गोल घुमट पाठवतोय न्हवं?’’ त्यांनी विचारले. चौकातला जवळजवळ प्रत्येक माणूस त्या घुमटालाच भितो. प्रत्यक्षात तो नियंत्रण कक्षातून फिरवता येणारा पाहणीचा कॅमेरा आहे. चौकावर नजर ठेवणे, गर्दी कुठे तुंबली ते पाहणे, एवढेच त्याचे काम. नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा निराळा. तो लांबट असतो, स्टॉप लाइनच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यावरच रोखलेला असतो आणि त्याच्यापाशी इन्फ्रारेड दिवे असतात. अंधारात मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर ते बहुधा फिकट जांभळे चमकताना दिसतात. 1 एप्रिल 2019 पासून नव्या वाहनांना सक्तीच्या झालेल्या उच्च सुरक्षा पाट्यांचा पृष्ठभाग पडलेला प्रकाश आल्या दिशेने परत फेकतो, म्हणून अशा दिव्यांच्या उजेडात पाटी काळोखातही ठळक उमटते.

आडव्या हातावर आणखी एक चपटी पेटी होती, तिला भिंगच नव्हते. प्लॅस्टिकच्या झाकणामागे रडार असते. ते येणाऱ्या वाहनावर लहरी सोडते आणि परतलेल्या लहरींच्या वारंवारतेतील फरकावरून वेग काढते. कंट्रोलरच्या पेटीवरच्या पांढऱ्या छत्रीसारख्या टोपीकडे बोट दाखवून काकांनी, ‘‘आनि ह्यो?’’ असे विचारले. तो जीपीएसचा अँटेना. चौकाचौकांतली घड्याळे एकाच वेळेवर राहावीत म्हणून तो बसवतात. तो कुणालाही पाहत नाही. या कामात माझी एक साधी रीत आहे. वस्तूच्या आकारावर फार विसंबायचे नाही. ती कुणीकडे रोखली आहे आणि तिची केबल शेवटी कुठे जाते, हे पाहायचे.

केबलीच्या मागे जाताजाता डाव्या खांबावरच्या एका लहान कॅमेऱ्यापाशी पोहोचलो. खांब जुना असल्यामुळे तो जमिनीपासून जेमतेम 4 मीटर उंचीवर, एका छोट्या आडव्या पाइपवर बसवला होता. त्याची केबल पोलिसांच्या यंत्रणेकडे न जाता थेट सिग्नलच्या पेटीत उतरत होती. हा चित्रावरून वाहन ओळखणारा कॅमेरा. त्याच्या चित्रात स्टॉप लाइनच्या मागे एक चौकट आखलेली असते आणि तिच्यात हालचाल किंवा दिव्यांचा उजेड आला की गल्लीची मागणी नोंदली जाते. दिवसा गल्ली वाहतीच असल्यामुळे दोष कुणाच्या ध्यानात येत नव्हता.

रात्री साडेअकराला लॅपटॉप जोडून चित्र पाहिले आणि उलगडा झाला. कॅमेरा बोटभर वळला होता, त्यामुळे चौकट रस्त्यावरून सरकून काकांच्या टपरीवर बसली होती. टपरी बंद होती, पण पाटीभोवतीची एलईडीची रंगीत माळ रात्रभर उघडझाप करत होती आणि प्रत्येक उघडझापीला कॅमेरा ती गाडीच्या हेडलाइट म्हणून मोजत होता.

कॅमेरा वळला कसा, हे शिडीवर चढल्यावर कळले. पाइपच्या क्लँपमध्ये उसाच्या वाळक्या पानांचा एक झुपका घट्ट अडकला होता आणि कॅमेऱ्याच्या पत्र्याच्या कवचावर ताजा ओरखडा होता. दोन-दोन ट्रॉल्या मागे जोडलेले ट्रॅक्टर वळणावर खांबाला किती खेटून जातात आणि त्यांवरचा ऊस बाजूला किती बाहेर आलेला असतो, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. मी पानाचा झुपका काढला, कॅमेरा पुन्हा लाइनीवर रोखला, क्लँपला दुसरा बोल्ट टाकला आणि चौकट नव्याने आखली. त्यानंतर अर्धा तास मोजत बसलो. गल्लीला एकदाच हिरवा मिळाला, तोही दवाखान्यातून घरी निघालेल्या एका रिक्षाला.

दुसऱ्या दिवशी अहवालाच्या तक्त्यात ‘बिघाडाचे कारण’ या रकान्यात मी ‘ऊस’ एवढेच लिहून पाठवले. दुपारी कार्यालयातून फोन आला, रकाना चुकून भरला गेला आहे का, असे विचारण्यासाठी.