पावणेबाराचा फोन

आज कपाट आवरायचं ठरवलं होतं. नाही आवरलं. दुपारभर अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या दिनचर्येची स्कॅन केलेली पानं वाचत बसलो. सोसायटीच्या वॉचमनची वहीच म्हणा ना. कोण आलं, कुणाला फोन लावला, कितीला सुरू, कितीला संपला, सगळं मिनिटांच्या हिशेबात टाइप केलेलं.

२० जुलै १९६९, रात्री पावणेबारा : चंद्रावरच्या आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांच्याशी ‘आंतरग्रहीय संभाषण’. चंद्र कसला ग्रह, म्हणून हसलो. मग आठवलं, आपल्या पत्रिकेत आहेच की!

पण मन अडकलं ते दुसऱ्याच कागदावर. हे दोघं चंद्रावर अडकलेच तर राष्ट्राध्यक्षांनी काय वाचायचं, ते निवेदन भाषणलेखक विल्यम सफायर यांनी दोन दिवस आधीच, १८ जुलैला, लिहून दिलं होतं. खाली सूचना : निवेदनाआधी राष्ट्राध्यक्षांनी ‘होऊ घातलेल्या विधवांना’ फोन करावा. बायका तेव्हा घरी टीव्हीसमोर बसल्या असतील, आणि इकडे कार्यालयात हा शब्द टाइप होऊन फायलीला लागलेला. नशीब, तो फोन करावा लागला नाही.

चहा गार झाला. कपाटाबद्दल घरातून विचारणा झाली आहे, दोनदा.