आगगाडीच्या ठेक्यावर

रविवार, रात्रीचे साडेअकरा

दिवसभर पाऊस. इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग तसाच पडलाय आणि मी हॉलिवूडची गायिका-नटी जेनेट मॅकडोनाल्डचे जुने सिनेमे बघत बसले. आई दहा मिनिटं शेजारी टेकली, मग म्हणाली, "अगं, ही बाई कधी खाली उतरते की नाही? सारखी आपली तार सप्तकात!" आणि गेली मेथी निवडायला. तिचं चूक नाही. मींड-मुरकीवर वाढलेल्या कानांना तो ऑपेराचा थरथरता सूर आधी टोचतोच. मलाही टोचला होता.

माझं मत बदललं ते 'माँटे कार्लो'मधल्या (१९३०) आगगाडीने. ऐन लग्नातून पळालेली काउंटेस डब्यात बसते. इंजिनाचा फुत्कार, चाकांची खडखड, आणि बघता बघता त्याचाच ठेका होतो. ती खिडकीतून गाते, शेतातली माणसं हात हलवत साथ धरतात. बोलपट येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. आवाज टिपायच्या धास्तीने कॅमेरा कितीतरी सिनेमांत एका जागी खिळून असायचा. दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिचने गाणं थेट रुळांवर सोडलं! त्यानेच आदल्या वर्षी 'द लव्ह परेड'मध्ये जेनेटला पहिल्यांदा पडद्यावर आणलं होतं. त्याआधी ही फिलाडेल्फियाची पोरगी ब्रॉडवेवर नाचगाण्याच्या नाटकांत होती.

मग 'लव्ह मी टुनाइट', १९३२. पॅरिसच्या शिंप्याने गुणगुणलेलं गाणं गिऱ्हाईक उचलतं, मग टॅक्सीवाला, मग गाडीतले सैनिक, आणि शेवटी ते दूरच्या महालात कंटाळलेल्या राजकन्येच्या ओठी येतं. त्याच साली आपल्याकडे प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त दुर्गाबाई खोटे तारामती होऊन गात होत्या. दोन्ही सिनेमे एका दिवशी पाहायला हवेत कधीतरी.

या सिनेमांतली जेनेट चावट आहे. तलम झग्यात वावरते, स्वतःच्या नखऱ्यांची स्वतःच टर उडवते. १९३४पासून हॉलिवूडची नीतिनियमावली कडकपणे लागू झाली, जेनेट एमजीएम स्टुडिओकडे गेली, आणि १९३५च्या 'नॉटी मारिएटा'त तिला गायक-नट नेल्सन एडी भेटला. दोघांचे आठ सिनेमे. लोकांनी डोक्यावर घेतलं. मला मात्र तो एडी उभा केलेल्या खांबासारखा वाटतो (त्याच्या चाहत्यांनी माफ करावं), आणि ती त्याच्यासमोर फार सोज्वळ होऊन बसते. आवाज तोच, उलट अधिक तयार, पण डोळ्यांतला मिश्किलपणा कुणी मागतच नाही. 'सॅन फ्रान्सिस्को'त (१९३६) क्लार्क गेबलच्या गुत्त्यात ती शहराचं गाणं उडवते तेव्हा जुनी जेनेट क्षणभर दिसते. मग १९०६चा भूकंप येतो.

खऱ्या ऑपेराच्या रंगमंचावर ती उभी राहिली १९४३ साली, माँट्रियलमध्ये, ज्युलिएट म्हणून. चाळिशीच्या उंबरठ्यावर! एवढी नावाजलेली नटी नव्याने परीक्षेला बसली, याचं मला फार अप्रूप वाटतं. १९६५च्या जानेवारीत ती गेली, तेव्हा अंत्यविधीला तिच्याच आवाजातलं मुद्रण वाजवलं होतं.

झोपण्याआधी आवाज अगदी बारीक करून आगगाडी पुन्हा लावली. आतून लगेच हाक, "लावलीस का परत त्या बाईला?"

लावली.