ऐकणारा हवा

२०२० सालच्या गुढीपाडव्याला, म्हणजे २५ मार्चला, देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा लिहिण्याचा नाद असलेल्या पुष्कळ जणांनी मनातल्या मनात आणखी एक गुढी उभारली असावी. निदान मी तरी उभारली होती. नोकरी, लोकल आणि लग्नमुंजी यांच्यापायी मागे पडलेली कादंबरी आता हातावेगळी होणार, याविषयी मला शंका उरली नव्हती. पुढे जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मुलीची ऑनलाइन शाळा, दुसऱ्या टोकाला पत्नीची कचेरी आणि मध्ये निवडायला घेतलेली मेथी अशी जागेची वाटणी झाली. परंतु जागा नसल्याची सबब फार काळ टिकली नाही, कारण रात्री अकरानंतर ते टेबल रिकामे असे आणि माझी वहीही.

अशा वेळी आपण मराठी माणसे हमखास तुरुंगातले दाखले काढतो. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले आणि साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. फ्रीज उघडून उगाचच आत पाहत उभ्या असलेल्या माणसाला हे दाखले स्फूर्तीपेक्षा लाजच अधिक देतात. शिवाय ते सहसा अर्धेच सांगितले जातात. टिळकांनी १८७२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, अखेरच्या आजारात असलेल्या वडिलांना गीतेवरची प्राकृत टीका वाचून दाखवली होती, आणि तेव्हापासून मनात घोळत राहिलेला विषय मंडालेत कागदावर उतरला. कोठडीने त्यांना सवड दिली; सामग्री ते बरोबर घेऊनच गेले होते.

‘श्यामची आई’ची रचना मात्र घरात अडकलेल्याने नीट पाहावी अशी आहे. त्या पुस्तकात प्रकरणांऐवजी रात्री आहेत. श्याम रोज रात्री आश्रमातल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो आणि दुसऱ्या रात्री ती मंडळी पुढचे ऐकायला पुन्हा जमतात. घरात मुक्कामी पडलेल्या लेखकाला वेळ मिळतो, पण हा जमाव मिळत नाही. घरची माणसे ऐकतात खरी, पण कुकरच्या शिट्ट्या मोजत, आणि ‘छान आहे’ हा त्यांचा अभिप्राय वाचन संपण्याच्या आधीच तयार असतो. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तिचा एक फायदा असा की पावसाळ्यात संपादकांचा तगादा सुरू होतो आणि कुणीतरी आपल्या मजकुराची वाट पाहत आहे असे वाटू लागते. त्या वर्षी अंक निघतील की नाही याचीच अनेकांना खात्री नसल्यामुळे तोही आधार डळमळीत होता.

अखेर सांगलीच्या एका जुन्या मित्राला मी रात्री फोनवर त्या दिवशीचा मजकूर वाचून दाखवू लागलो. त्याचा साहित्याशी संबंध वर्तमानपत्रापुरता. आयुष्य हळदीच्या पेठेत गेलेले. स्तुती करणे त्याच्या स्वभावात नाही. ‘बरं, मग त्या मावशीचं पुढं काय झालं?’ एवढेच तो विचारी, आणि ते मलाही ठाऊक नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी बसून लिहावे लागे. सौद्याचा एक प्रसंग त्याने मला संपूर्ण बदलायला लावला, कारण कोणताही अडत्या गिऱ्हाइकाशी इतक्या सरळ वाक्यांत बोलत नाही. मग अडत्या कसा बोलतो हे त्याने बराच वेळ बोलून दाखवले, आणि बाहेरचे जग बंद असल्यामुळे कानांवर पडेनाशी झालेली बोली मला फोनवर घरपोच मिळाली.

कादंबरी अजून अपुरीच आहे. मावशीच्या लग्नाच्या याद्या होईपर्यंत मजल गेली, तोवर लोकल पूर्ववत सुरू झाली, आणि मित्राची झोपण्याची वेळ व माझी घरी पोचण्याची वेळ एकच होऊन बसली.