जुन्या पिस्तुलात आधी काय झिजतं

फौजेत आर्मररचं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करायचं काम केलंय त्यामुळे लोक अजूनही जुन्या पिस्तुलाचा फोटो पाठवतात, काका हे चांगलं आहे का बघा. आता फोटोत दिसतो फक्त रंग, आणि होल्स्टरला घासून घासून तोंडाशी ब्ल्यूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) उडालं म्हणून पिस्तूल खराब झालं असं काही नसतं. उलट चकाचक दिसणारं, आतली स्प्रिंग मेलेलं पिस्तूल मी जास्त वाईट समजतो.

आपल्याकडचं ९ एमएम १ए, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं ते, म्हणजे मुळात ब्राउनिंग हाय पॉवर, कॅनडाच्या इंग्लिस कंपनीच्या बनावटीवरून आलेलं. जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये गेला, काम अर्धवट राहिलं, मग बेल्जियमच्या एफएनमध्ये सेव्ह नावाच्या माणसाने ते पूर्ण केलं आणि १९३५ ला पिस्तूल आलं. १३ राउंडचं (काडतुसांचं), दोन ओळींत भरायचं डबल लाइन मॅगझिन, त्या काळात ही मोठीच गोष्ट, कारण अमेरिकेच्या ‘१९११’ नावाच्या पिस्तुलात ७ च राउंड बसायचे (ते .४५ चे, जाडजूड, हे पण खरं).

दोन्हींत नाल आणि स्लाइड (नालेवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) फायर होताना एकमेकांत अडकलेले असतात, थोडं मागे एकत्र जातात, मग नालेचा मागचा भाग खाली उतरतो आणि स्लाइड एकटी मागे जाऊन खोका, म्हणजे उडालेल्या राउंडचं रिकामं टरफल, काढते. १९११ मध्ये नाल खाली ओढायला एक छोटी हलणारी लिंक आणि तिची पिन आहे, हाय पॉवरमध्ये ते काम नालेच्याच पोटाशी असलेला कॅम, म्हणजे तिरकी खाच, करतो. पार्ट कमी म्हणजे झिजायला जागा कमी, म्हणूनच पुढच्या बहुतेक पिस्तुलांनी कॅमच घेतला.

हाय पॉवरची मला न आवडणारी गोष्ट एकच, मॅगझिन काढलं की चाप चालत नाही. सेफ्टी म्हणून ठेवलंय, पण त्याने चाप खरखरीत लागतो, मॅगझिन आपोआप खाली पडत नाही, आणि पिस्तूल रिकामं केल्यावर हॅमर (मागचा घोडा) सोडायला परत रिकामं मॅगझिन घालायचं! काही जण तो पार्टच काढून टाकतात, सर्व्हिसच्या हत्यारात असले उद्योग करू नयेत.

आता झीज. सगळ्यात आधी जाते रिकॉइल स्प्रिंग, मागे गेलेली स्लाइड परत पुढे आणणारी. ती ढिली पडली की स्लाइड प्रत्येक राउंडला फ्रेमवर जोरात आदळते, नालेवरच्या लग्सच्या (स्लाइडमध्ये अडकणाऱ्या उंचवट्यांच्या) कडा गोल व्हायला लागतात, आणि स्वस्तातली स्प्रिंग वेळेवर न बदलल्यामुळे महागाची फ्रेम तडकते. १९११ मध्ये आणखी एक, त्याचा एक्स्ट्रॅक्टर (खोका ओढून काढणारा आकडा) हीच एक लांब स्प्रिंग असते, तिचा ताण गेला की खोका नीट बाहेर पडत नाही आणि लोक विनाकारण मॅगझिनला शिव्या घालतात.

साफसफाई म्हणजे तेलात बुडवणं नव्हे राव. रेल्सवर (स्लाइड सरकते त्या पट्ट्यांवर) आणि लग्सवर तेलाचा पातळ थर, नालेत पुलथ्रूने (ओढायच्या दोरीने) चिंदी, चेंबर (राउंड बसतो ती जागा) कोरडं, बस. जुना, क्षाराच्या प्रायमरचा (राउंडच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टिकलीचा) दारूगोळा वापरला असेल तर आधी गरम पाणी, कारण ते मीठ तेलात विरघळत नाही, आणि मग वाळवून तेल. चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल महिनोन्‌महिने कपाटात ठेवू नका, चामडं ओल धरतं, पावसाळ्यात तर विचारूच नका. ग्रिपचे स्क्रू काढून खाली पण बघत जा, गंज तिथे लपून बसतो. आणि हे सगळं मॅगझिन काढून, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने बघूनच, मॅगझिनशिवाय चाप चालत नाही म्हणून हाय पॉवरवर भरवसा ठेवून तर अजिबातच नाही.

राउंड अडकण्याची तक्रार आली की मी आधी मॅगझिनच्या वरच्या ओठांकडे बघायचो, एक ओठ जरा वाकला तरी राउंड तिरका चढतो. त्यासाठी प्रत्येक मॅगझिनच्या तळाला रंगाने नंबर टाकून ठेवा. अडकतं ते बहुतेक वेळा एकाच नंबरचं असतं, ते बाजूला काढा आणि पिस्तुलाला हात लावू नका.