वर्षाची वही

वसईत नाताळ २५ डिसेंबरला संपत नाही. २४च्या मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना झाली, दुसऱ्या दिवशी पाहुणे, मांसाचं तिखट इंदेल आणि तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, की मंडळांचे दिवस सुरू होतात. नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, सांडोर, कुठल्याही गावात त्या आठवड्यात संध्याकाळी चक्कर मारा. एकीकडे एकांकिका रंगलेली असते, दुसरीकडे येशूजन्माच्या गोठ्यांच्या देखाव्यांची बक्षिसं वाटत असतात आणि तिसरीकडे कुणीतरी माइकवर हौजीचे, म्हणजे तंबोल्याचे, आकडे ओरडत असतं. आमच्या आळीच्या मंडळाचा मेळावा बहुतेक वेळा २८ला. त्या दिवशी चर्चमध्ये निष्पाप बालकांचा सण असतो, म्हणून मुलांच्या मेळाव्याला तोच दिवस बरा, असं कारण मंडळ सांगतं. आतली गोष्ट अशी की साउंडवाला त्या दिवशी स्वस्तात मिळायचा.

तयारी मात्र नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून. चर्चमध्ये चारांतली पहिली मेणबत्ती लागली की आळीतली पोरं बांबूच्या काड्या तासायला बसत. पतंगी कागदाचा तारा करायचा, आत बल्ब सोडायचा. बल्ब कागदाला टेकला की तिथे तपकिरी भोक, मग त्यावर ठिगळ. नाताळ येईपर्यंत ताऱ्यावर मूळ कागद कमी आणि ठिगळं जास्त. गोठ्याचं काम याहून गंभीर. घरोघरून पेंढा मागून आणायचा, गोणपाट चिखलात बुडवून त्याचे डोंगर उभे करायचे, पत्र्याच्या डब्यांत गहू पेरून शेत हिरवं करायचं. आमचं बेथलेहेम कायम वसईतच असायचं. राहाट, केळीची बाग, शेजारी बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, बावखलात खरं पाणी आणि खरे मासे. एका वर्षी पूर्वेकडचे तीन राजे एसटीतून उतरताना दाखवले होते. परीक्षकांना ते रुचलं नाही. मला अजून रुचतं.

आत घरात बायकांची वेगळी धांदल. करंज्या, केक, आणि कलकल. कलकलाच्या पिठाची छोटी गोळी कंगव्याच्या दातांवर दाबून वळली की तिला शिंपल्यासारख्या रेघा उठतात. कंगवा नवाकोरा आहे ना, हे आजी दरवर्षी विचारायची, आणि कितीही वेळा हो म्हटलं तरी स्वतः उन्हात धरून तपासायची.

मेळावा भरायचा एका घराच्या खळ्यावर. भात झोडून झालेला असे, खळं शेणाने सारवून घेतलेलं. शाळेची टेबलं एकाला एक जोडून रंगमंच, आणि पडदा म्हणजे आज्यांची लाल चौकड्यांची लुगडी. ती देताना प्रत्येक आजी बजावायची, टाचण्या लावू नका. पोरं टाचण्याच लावत. सांता यायचा सायकलवरून, पोटाला उशी, गालाला कापूस. कोण आहे ते आम्ही चपलांवरून ओळखायचो, पण चॉकलेटं वाटून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, एवढा शहाणपणा सगळ्यांच्या अंगी होता. मग मुलींचा नाच, एकांकिका (तिच्यात एक दारुडा हवाच, आणि ते काम करणारा माणूस प्रत्यक्षात थेंबाला न शिवणारा), संगीतखुर्ची, लकी ड्रॉ. यातलं आमच्या मंडळाचं म्हणून काहीच नाही. पाचही गावांत हेच.

आमचं वेगळेपण हौजीच्या आधीच्या अर्ध्या तासात होतं, आणि नवीन सुनांना तो अर्धा तास हमखास कंटाळवाणा वाटायचा. मंडळाचे मास्तर तेव्हा वर्षाची वही वाचत.

मास्तर मराठी शाळेतून निवृत्त झालेले. वाण्याकडे असते तशी लांब, लाल कापडी बांधणीची वही त्यांच्याकडे असे. वर्षभर रस्त्यात, विहिरीवर, मिस्सा सुटल्यावर कुणीही त्यांना गाठून सांगायचं, “मास्तर, हे लिहून ठेवा.” ते ऐकून घेत, आणि पसंत पडलं तरच लिहीत. नियम एकच होता आणि तो फार कडक होता. मोठी गोष्ट वहीत येणार नाही. जन्म, लग्न, पहिला वर्ग, बँकेतली नोकरी, नवं घर, दुबईचा व्हिसा, यातलं काहीही नाही. त्यासाठी चर्चची पायरी आहे, बॅनर आहे. ज्या आनंदाचे कुणी पेढे वाटत नाही तेवढाच वहीत.

वाचन अर्थातच कादोडीत, आमच्या सामवेदी बोलीत. इथे ते साध्या मराठीत सांगतोय, त्यामुळे निम्मी गंमत जाणारच. “जूनच्या शेवटी एका रात्रीत बावखल काठोकाठ भरलं. पोरांनी शाळा बुडवली. मास्तरांनी पाहिलं, पण हाक मारली नाही.” “राजेळी केळी सोलून सुकेळ्यांसाठी मांडवावर घातली, आठवडाभर एकदाही ढग आला नाही.” “खालच्या घरच्या नानांचा मोतीबिंदू काढला. त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचा अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वतः वाचला, आणि सुनेला सांगितलं की तू मधलं बरंच गाळत होतीस.” यावर जो हशा उठायचा त्यात ती सूनही असायची.

फुलवाल्या मावशीची नोंद जवळजवळ दरवर्षी असे. आमच्याकडचा सोनचाफा, मोगरा, जास्वंद पहाटे खुडून वसई रोडला जातो आणि तिथून लोकलने दादरच्या फुलबाजारात. गणपतीत तर आळीतल्या घराघरांतून रात्रीच जास्वंदीच्या कळ्या मोजायला बसतात. क्रूसाच्या तसबिरीखाली बसून बाप्पासाठी फुलं मोजण्यात आमच्या इथे कुणालाच कधी काही विशेष वाटलं नाही. मावशीच्या नोंदी मात्र फुलांच्या भावाबद्दल नसत. भाव चांगला मिळाला ही मास्तरांच्या हिशेबी मोठी गोष्ट. तिची नोंद असायची, “चर्चगेटच्या गाडीत पाटी ठेवायला जागा नव्हती. एका कॉलेजच्या मुलीने उठून आपली जागा पाटीला दिली. मला नाही, पाटीला.”

मंडळाने पुढे एक जाडजूड स्मरणिका काढली. तिच्यात अध्यक्षांचे फोटो आहेत, देणगीदारांची यादी आहे, पोर्तुगीज १५३४ साली आले आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला हेही आहे. ती मी एकदाच चाळली. आमच्या आळीचं काय होत गेलं ते मला विचाराल तर मी वहीकडे बोट दाखवीन. राहाटाच्या कुरकुरीच्या नोंदी एका वर्षापासून बंद होतात, तिथे पंप आला. ऐंशीच्या दशकात “ओढ्याकाठच्या वाडीत” असं लिहिलेलं पुढे “बिल्डिंगच्या मागे” असं होतं. विहिरींचं पाणी टँकरने उपसून इमारतींना जाऊ लागलं, त्याविरुद्ध धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, तेव्हा गावोगावच्या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. वहीत आंदोलनाबद्दल एक अक्षर नाही. नोंद अशी आहे, “मोर्च्याहून परत येताना आमच्या आजीने जन्मात पहिल्यांदा हॉटेलात बसून चहा घेतला. कपबशीतली बशी तिने परत केली नाही म्हणून दोन मिनिटं वाद झाला.” बशी अजून त्या घरात आहे असं म्हणतात. मी पाहिलेली नाही.

नियमावरून भांडणंही होत. २०११च्या मेळाव्यात तरुण पोरांचा आग्रह होता की भारताने विश्वचषक जिंकला ते वाचलंच पाहिजे. मास्तर म्हणाले, ते साऱ्या देशाला माहीत आहे. शेवटी नोंद आली ती अशी, “२ एप्रिलला रात्री शेवटच्या चेंडूपर्यंत वीज गेली नाही.” ज्यांनी त्या काळात वसईत उन्हाळा काढलाय त्यांना कळेल की टाळ्या विश्वचषकाइतक्याच का पडल्या.

२०१८च्या जुलैत पाऊस असा कोसळला की गाड्या बंद पडल्या, मिठागरात माणसं अडकली, शहरातल्या इमारतींचे तळमजले पाण्याखाली गेले. त्या डिसेंबरला मास्तर थकले होते, खुर्चीत बसूनच वाचत होते. “पाण्यात अडकलेल्या बिल्डिंगकडे आपल्या आळीतून भाकऱ्या गेल्या. चौथ्या दिवशी डबे परत आले. एका डब्यात शिरा होता, एकात थेपले, एकात काहीतरी होतं ते कुणाला ओळखता आलं नाही, पण संपलं.” त्याच वर्षापासून मेळाव्याच्या खुर्च्यांवर बिल्डिंगमधली माणसं दिसू लागली. आधी मागच्या रांगेत, कडेला. पुढच्या वर्षी हौजीत फुल हाऊस त्यांच्यातल्याच एका काकूंनी मारलं, आणि आळीतल्या जुन्या खेळाडूंचे चेहरे बघण्यासारखे झाले.

२०१९चं वाचन मास्तरांचं शेवटचं. सप्टेंबरात फादर दिब्रिटोंची उस्मानाबादच्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवड झाली होती. नंदाखालचा माणूस, ‘सुवार्ता’चा इतकी वर्षं संपादक, आणि त्याला मराठीचा एवढा मान. मंडळाला वाटलं, यंदा तरी नियम मोडणार. मास्तरांनी वही उघडली, पानं उलटली, आणि वाचलं, “अध्यक्षांची बातमी लागली तेव्हा टीव्हीवरच्या बाईंनी नंदाखाल हे नाव बरोबर उच्चारलं.” बस्स. पुढची नोंद कुणाच्या तरी वासराची होती. लोक आधी हिरमुसले आणि मग इतके हसले की वासराची नोंद दुसऱ्यांदा वाचावी लागली.

२०२०ला मेळावा झाला नाही. २२ डिसेंबरपासून महापालिकांच्या हद्दीत रात्री ११ नंतर संचारबंदी होती, त्यामुळे मध्यरात्रीची मिस्साही संध्याकाळीच उरकली. वेळा ठरवून थोडी थोडी माणसं आत. मास्तर तोवर गेले होते. त्यांच्या मुलाने वही मंडळाकडे आणून दिली, आणि शेजारच्या घरातली, अंधेरीला नोकरी करणारी बाय म्हणाली, मी लिहिते. तिने त्या २८ला सगळ्या नोंदी स्वतःच्या आवाजात फोनवर बोलून आळीच्या ग्रुपवर टाकल्या. मी त्या गच्चीवर उभा राहून ऐकल्या. आसपासच्या घरांतून तोच आवाज थोडा मागेपुढे येत होता. फुलवाल्या मावशीची नोंद त्यात होती. मार्चपासून लोकल बंद, दादरचा बाजार बंद, आणि मोगऱ्याचा ऐन बहर. “यंदा कळ्या विकल्या नाहीत. पहिल्यांदाच आळीतल्या सगळ्या बायकांनी आपल्याच वाडीतला मोगरा माळला. सून म्हणाली, आई, तुमच्या केसांत मी फूल कधी पाहिलंच नव्हतं.” त्या वर्षी तिचं किती नुकसान झालं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ते वहीत नव्हतं.

बाय आता वही लोकलमध्ये लिहिते, फोनवर, आणि नोव्हेंबरात बसून लाल वहीत उतरवते. नियमाच्या बाबतीत ती मास्तरांहून कडक आहे. बिल्डिंगमधल्या एका काकांनी नवी गाडी घेतल्याचं कळवलं, तिने परत पाठवलं. मग त्यांनी लिहिलं की गाडी घेतल्यापासून शेजारच्या आजोबांना रविवारी मिस्सेला सोडतो, आणि ते वाटभर पुढच्या प्रत्येक खड्ड्याची आगाऊ सूचना देतात. हे घेतलं. आता वाचन दोन भाषांत होतं, कादोडी आणि मराठी, त्यामुळे अर्ध्या तासाचा पाऊण तास झालाय. हौजीवाल्यांची कुरकुर वाढली आहे. मंडळाच्या गेल्या बैठकीत वही ३१ला वाचावी असाही ठराव आला होता. पण ३१ला रात्री पोरं जुन्या वर्षाचा म्हातारा जाळतात, जुने कपडे, पेंढा आणि आत फटाके भरून, आणि त्या आवाजात वही कोण ऐकणार, म्हणून ठराव बारगळला.

यंदाही २८लाच. सात म्हणजे साडेसात. खळ्यावर आता फरशी आहे, तेव्हा बसायला चटई आणायची गरज नाही. हौजीची तिकिटं गेटवर मिळतील, आणि ज्यांच्या नोंदी अजून द्यायच्या राहिल्यात त्यांनी बायला गाठावं, पण सकाळी ८:१२च्या गाडीच्या वेळी नाही.