केदारकंठा आणि भाच्याची चार बोटं

जानेवारीत आम्ही नागपूरचे सहा जण उत्तराखंडातल्या सांकरीहून केदारकंठा शिखराचा ट्रेक करून आलो. उंची साधारण १२,५०० फूट. वाट सुरेख आहे, शिखरावरून दिसणारं तर विचारूच नका. पण लिहायला बसले ते भाच्याच्या हिमदंशाने (थंडीने) गोठलेल्या बोटांसाठी, कारण दर हिवाळ्यात आपल्याकडची पोरं तिकडे जातात.

त्याचे हातमोजे नागपूरच्या बर्डी बाजारातून घेतलेले, लोकरीचे. आदल्या दिवशी बर्फात खेळून ओले झाले, आणि पहाटे शिखरावर फोटोसाठी त्याने तेही काढून ठेवले. उतरताना म्हणाला, "मामी, बोटं दुखायची थांबली." मला हायसं वाटलं. खरं तर घाबरायचा क्षण तोच.

मोजा काढला तर चार बोटांची टोकं पिवळट पांढरी, मेणासारखी, दाबली तर टणक. नुसतं गारठलेलं बोट काखेत धरलं की थोड्या वेळात मऊ पडतं, झिणझिण्या येतात. इथे काहीच झालं नाही. सावळ्या कातडीवर रंग फसवतो, म्हणून दाबून बघा.

एक जण बर्फ चोळायला धावला, दुसरा म्हणाला शेकोटीवर धरू. गाइडने दोघांनाही थांबवलं. चोळलं तर गोठलेलं मांस आतून फाटतं, आणि बधिर बोट भाजलं तरी कळत नाही. वाटेत त्याने बोटं शेकूही दिली नाहीत. एकदा वितळून पुन्हा गोठली तर नुकसान फार वाढतं.

तळावर ३७ ते ३९ अंशांचं पाणी हवं होतं, थर्मामीटर नव्हता. तान्ह्या बाळाच्या अंघोळीला बघतो तसं कोपर बुडवून बघितलं. पाणी निवलं की बोटं बाजूला काढून गरम ओतायचं, पुन्हा कोपर, पुन्हा बोटं. अर्ध्या तासाने ती लालजांभळी, मऊ झाली. पोरगा तोवर ओठ चावून रडत होता. ही कळ येतेच. आयब्युप्रोफेन चालत असेल तर आधीच द्या. मग बोटांच्या मध्ये कोरडं गॉज आणि सैल पट्टी.

रात्री फोड आले. तीन बोटांवर पाण्याचे, करंगळीवर रक्ताचे. रक्ताचा फोड म्हणजे इजा खोल. फोडू नका, आणि मी केलं ते तर मुळीच करू नका: "आपल्या डॉक्टरांनाच दाखवू" म्हणत मी डेहराडूनला न थांबता नागपूर गाठलं, तेही पाचव्या दिवशी. खोल इजेत गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं तर बोटं वितळल्यापासून २४ तासांत, रक्तवाहिन्या रुंद करणारं आयलोप्रोस्ट ७२ तासांत. दोन्ही वेळा टळून गेल्या होत्या. उष्माघाताचे रुग्ण दर उन्हाळ्यात बघणाऱ्या आमच्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि कापायची घाई केली नाही. मेलेला भाग कुठवर आहे, ते ठरायला आठवडे, कधी महिने लागतात.

हातमोजे दोन जोड न्या, वरचा पाणी न शिरणारा. बूट सैल, मोजे कोरडे. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), सिगारेट घरीच राहू द्या. निकोटिनने रक्तवाहिन्या आखडतात. आमच्या पोराची तीन बोटं धड आहेत. करंगळीचं टोक मात्र अजून बधिर आहे, शर्टाचं बटण लावताना त्याला ते डोळ्यांनी बघावं लागतं.